एका काळ्या बिअरची कुळकथा

"बिअरमध्ये कॉफी? ही तर उघड उघड भेसळ आहे!"

हा निकाल आमच्या काकांचा. काका अन्नातली भेसळ पकडण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. मिरचीपुडीत विटेची भुकटी, वापरलेली चहापत्ती वाळवून रंगवून पुन्हा विकायला, असलं सगळं त्यांनी आयुष्यभर पाहिलंय, त्यामुळे 'भेसळ' हा शब्द ते तोंडाला येईल तसा वापरत नाहीत. मी त्यांना कॉफी घातलेल्या कडक स्टाउटचं कौतुक सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वरचं वाक्य टाकून ते पेपरात डोकं घालून बसले.

आता मंडळी, काकांशी वाद घालायचा तर कागदपत्रं लागतात. म्हणून जरा मागे जाऊन शोधाशोध केली, आणि जे हाती लागलं ते इतकं मजेशीर निघालं की म्हटलं ब्लॉगवरच टाकू. ज्यांना दारू या विषयाचंच वावडं आहे (काकू, तुम्हालाच म्हणतोय) त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात दारूपेक्षा करच जास्त आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टाउट म्हणजे काळी बिअर. बार्ली, म्हणजे आपले जव, भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवायचे, की झालं माल्ट. हे माल्ट किती भाजलंय त्यावर बिअरचा रंग ठरतो. नेहमीच्या पिवळ्या बिअरचं माल्ट नुसतं वाळवलेलं असतं. स्टाउटमध्ये त्यातला थोडा भाग काळा होईपर्यंत भाजलेला असतो. त्यामुळे कॉफीचा एक थेंबही न घालता स्टाउटला कॉफीसारखी चव येते. माझा सगळा मुद्दा इथेच आहे. ही चव आली कुठून?

अठराव्या शतकातल्या लंडनपासून सुरुवात करावी लागेल. तिथली लोकप्रिय बिअर होती पोर्टर. पोर्टर म्हणजे हमाल. शहरातले ओझी वाहणारे लोक ती पीत, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. अमुक एका माणसाने १७२२ साली तिचा शोध लावला अशी एक गोष्ट पुस्तकापुस्तकांतून फिरते, पण ती पुष्कळ नंतर लिहिली गेलेली आहे आणि तिला पुरावा नाही. स्टाउट या शब्दाचा अर्थ तेव्हा 'कडक' एवढाच होता. पोर्टर जास्त कडक केली की ती स्टाउट पोर्टर. पुढे पोर्टर गळून पडलं आणि नुसतं विशेषण मागे राहिलं.

ही पोर्टर काळी नव्हती, गडद तपकिरी होती. तिचं माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवत, त्यामुळे चवीला थोडी धुरकट. आजच्या स्टाउटशी तिचं नातं पणजोबा-पणतवाचं. ती मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरत ठेवत आणि पिंप किती मोठं यावर कारखान्यांची आपापसांत चढाओढ चाले. त्याचा शेवट काय झाला ते सांगायलाच हवं. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या टोकाला म्यू कंपनीचा हॉर्स शू नावाचा कारखाना होता. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी तिथल्या २२ फूट उंच पिंपाचं लोखंडी कडं निखळलं आणि थोड्या वेळाने पिंप फुटलं. त्याच्या धक्क्याने बाकीचीही पिंपं गेली, मागची भिंत पडली आणि बिअरचा लोंढा मागच्या सेंट जाइल्स वस्तीत शिरला. ती गरीब आयरिश लोकांची वस्ती. एका तळघरात आदल्या दिवशी वारलेल्या दोन वर्षांच्या मुलाभोवती माणसं शोक करत बसली होती. त्यातली पाच गेली, मुलाची आई त्यांतच. एकूण आठ बळी, सगळ्या बायका आणि मुलं.

लोकांनी रस्त्यावर वाहणारी बिअर ओंजळीने प्यायली, कुणीतरी ती पिऊनच मेला, असं गमतीने लिहिलेलं इंटरनेटवर जागोजागी सापडतं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत त्यातलं काही नाही. गरिबांच्या मरणाची चेष्टा करायला नंतरच्यांना मजा वाटली असावी. चौकशीत हा निव्वळ अपघात ठरला. कारखाना बुडायला आला होता, तर त्याने वाया गेलेल्या बिअरवर आधीच भरलेला कर परत मागितला आणि पार्लमेंटने तो दिला. मेलेल्यांच्या घरच्यांना कारखान्याकडून काही मिळालं नाही.

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं लंडनला होतो तेव्हा त्या जागेवरून रोज जायचो. तिथे आता डोमिनियन थिएटर आहे. पण तिथे थांबून बघावं असं मनात आलं ते सगळं वाचल्यावर, म्हणजे पुण्याला परतल्यानंतर. असो.

तर करांची गोष्ट. ब्रिटनमध्ये माल्टवर कर होता आणि नेपोलियनशी लढायला पैसे हवेत म्हणून तो चढतच गेला. त्याआधी १७८४ साली जॉन रिचर्डसन नावाच्या माणसाने बिअरच्या पाण्यात किती साखर उतरली हे मोजणाऱ्या उपकरणावर पुस्तक लिहिलं होतं. ते वापरून कारखानदारांनी हिशोब केला तर कळलं, तपकिरी माल्ट स्वस्त वाटतं पण त्यातून साखर कमी उतरते. फिकट माल्ट महाग असूनही शेवटी परवडतं. झालं! कारखान्यात कारकुनाचं ऐकायचं ठरलं की गवयाला कोण विचारतो? सगळे फिकट माल्टकडे वळले.

पण मग पोर्टर फिकी दिसायला लागली. गिऱ्हाईक तर काळसर रंगालाच कडकपणा समजणारं. (आपल्याकडे नाही का, चहा काळा दिसला म्हणजे कडक झाला.) मग कुणी करपवलेली साखर घालायला लागलं, कुणी आणखी काही. १८११ साली सरकारने करपवलेल्या साखरेचा रंग घालायला परवानगी दिली. तिचा गैरवापर फार व्हायला लागला म्हणून १८१६ साली ती काढून घेतली. बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचं नाही, असा कडक नियम आला. साखरेवर बंदी, फिकट माल्टने रंग येत नाही, आणि तपकिरी माल्ट परवडत नाही. आता करायचं काय?

उत्तर आलं १८१७ साली. डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजायच्या एका नव्या रीतीचं पेटंट घेतलं. लोखंडी पिंप आडवं टांगायचं, खाली जाळ, आणि पिंप सतत फिरवत ठेवायचं. आतलं माल्ट २०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, सगळ्या बाजूंनी सारखं भाजतं आणि जळून कोळसा होत नाही. असं थोडंसं माल्ट फिकट माल्टमध्ये मिसळलं की अख्ख्या पिंपाला काळा रंग. आणि ते माल्टच असल्यामुळे कायद्यात चोख बसतं!

आता हे फिरतं पिंप ओळखीचं वाटतंय का? माटुंग्याला कॉफीच्या दुकानांत जे गरगरत असतं, ज्याचा वास रस्त्याच्या पलीकडे येतो, तेच ते. कॉफी भाजायची फिरती भांडी तोवर युरोपात चांगली दीडशे वर्षं वापरात होती. व्हीलरने कॉफीचं भांडं उचललं आणि त्यात बी बदललं. म्हणजे स्टाउटमध्ये कॉफीची चव लागते हा काही योगायोग नाही. दोघींची भट्टी एकच आहे.

हे समजायला ज्याच्या घरी थालीपिठाची भाजणी होते त्याला रसायनशास्त्र लागत नाही. बाजरी, ज्वारी, डाळी वेगवेगळ्या भाजताना एक क्षण असा येतो की घरभर तोच एक वास सुटतो, कुठलं धान्य आहे ते वासावरून सांगता येत नाही. धान्यातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे उष्णतेने एकमेकांत मिसळून शेकडो नवे पदार्थ तयार होतात. लुई कामीय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ साली ही प्रक्रिया मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. आपल्या आज्यांनी त्याच्या कितीतरी आधी तिच्या दोन पायऱ्यांना दोन शब्द देऊन ठेवले होते: खरपूस आणि करपट. दोन्हींमध्ये कधीकधी अर्ध्या मिनिटाचंच अंतर असतं. व्हीलरच्या पिंपाचं सगळं कसब ते अर्धं मिनिट लांबवण्यात होतं.

आता काकांच्या मुद्द्याकडे येतो. कारण नेमकं याच सुमारास, १८२० साली, लंडनमध्ये भेसळीवर एक पुस्तक निघालं आणि खळबळ उडाली. लेखक फ्रेडरिक आकुम, जन्माने जर्मन, पेशाने रसायनतज्ज्ञ. त्याने पोर्टरमध्ये गुंगी यावी म्हणून टाकलेल्या विषारी बिया उघड केल्या, आणि कॉफीत मिसळलेले भाजलेले वाटाणे आणि घेवडेही. नुसतं उघड केलं नाही, पकडले गेलेल्यांची नावंही छापली. साहजिकच त्याचे शत्रू वाढले. पुढे एका ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानं फाडल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि १८२१ साली त्याला इंग्लंड सोडावं लागलं. (काकांना हा माणूस आवडेल. पानं फाडल्याचं मात्र त्यांना सांगणार नाही.)

त्याच वर्षांत हेन्री हंट नावाचा एक बंडखोर पुढारी तुरुंगात होता. १८१९ साली मँचेस्टरला पीटरलूच्या मैदानात शांत सभेवर घोडेस्वार घातले गेले, त्या सभेचा हा प्रमुख वक्ता. चहा-कॉफीवरचा कर सरकारच्या तिजोरीत जातो म्हणून त्याच्या अनुयायांनी दोन्ही सोडलं, आणि हंटने त्यांच्यासाठी भाजलेल्या धान्याची पूड विकायला काढली. तिचं नाव 'ब्रेकफास्ट पावडर'. कॉफीसारखी दिसते, कॉफीसारखी लागते, कर शून्य. सरकारने लगेच अबकारी खातं मागे लावलं.

जरा थांबून हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकाच शहरात, तीनचार वर्षांच्या आत, तेच भाजलेलं धान्य. बिअरच्या पिंपात पडलं तर बिअर काळी करायचा तो एकमेव कायदेशीर मार्ग. कॉफीच्या कपात पडलं तर गुन्हा. चव तीच, भट्टी तीच, बदललं होतं फक्त कर भरायचं खातं. काका म्हणतील, तू आकुमचे वाटाणे आणि हंटची पूड एका पारड्यात घालतोयस. खरं आहे, दोन्ही एक नाहीत. वाटाणेवाला गिऱ्हाइकाला फसवत होता, हंट पाकिटात काय आहे ते सांगून विकत होता. मला वाटतं भेसळीची रेघ तिथून जाते, सांगितलं की लपवलं, इथून. पण १८२० सालच्या अबकारी खात्याला दोघेही सारखेच.

आयर्लंडमधल्या कारखान्यांनी व्हीलरचं माल्ट जास्त मनापासून उचललं. लंडनवाल्यांनी थोडं जुनं तपकिरी माल्ट ठेवलं, डब्लिनवाल्यांनी फिकट अधिक काळं एवढ्यावरच भागवलं, आणि आयरिश स्टाउटची कोरडी, खरपूस चव तिथून वेगळी झाली. पुढे १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून थेट बिअरवर लावला. मोड न आणलेलं भाजलेलं धान्य घालायचीही मोकळीक मिळाली. आज आयरिश स्टाउटची ओळख मानली जाणारी भाजलेली बार्ली त्या मोकळिकीनंतरची. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल' म्हणतो त्याच्यावर दोन-तीन अर्थमंत्र्यांच्या सह्या आहेत.

ही बिअर आपल्या मुंबईलाही आली होती. इंग्रजांच्या काळातली बिअर म्हटलं की सगळ्यांना 'इंडिया पेल एल' आठवते, पण ती पीत साहेब लोक. साधे गोरे शिपाई पोर्टर पीत आणि त्यांच्यासाठी सरकार लंडनच्या कारखान्यांकडून निविदा मागवून ती जहाजांनी आणत असे. आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने हेलकावे खात. हिमालयातल्या थंड गावांत बिअरचे कारखाने निघाले तशी ही आयात आटली. मुंबईच्या उन्हाळ्यात काळी कडक बिअर! त्या शिपायांची मला दयाच येते.

आपल्या भागात स्टाउट टिकली ती श्रीलंकेत. १८६९ साली तिथल्या कॉफीच्या मळ्यांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत कॉफी जवळजवळ संपली, तिच्या जागी चहा लागला. त्याच धामधुमीत, १८८१ साली, नुवारा एलियाच्या डोंगरात एक बिअरचा कारखाना निघाला. तिथून पुढे आलेली 'लायन स्टाउट' ८.८ टक्के अल्कोहोलची आहे. तिच्यात कॉफी घालत नाहीत, तरी पहिल्या घोटाला कॉफी आणि चॉकलेटच आठवतं. ज्या डोंगरातून कॉफी गेली तिथे बार्ली तिची चव धरून राहिली. तिचं नाव जगभर केलं मायकल जॅक्सनने. गाणारा नव्हे, बिअरवर लिहिणारा इंग्रज, २००७ साली वारला.

खरोखरची कॉफी घालायची लाट आली ती मात्र १९९०च्या दशकात, अमेरिकेत. लहान कारखान्यांची तिथे तेव्हा चळवळच सुरू झाली होती. १९९५ साली सिएटलच्या रेडहुकने त्याच गावच्या स्टारबक्सची कॉफी घालून एक स्टाउट काढली. मग हे सगळीकडे पसरलं. कोपनहेगनच्या मिकेलरने २००६ साली ओट्सच्या स्टाउटमध्ये कॉफी घालून तिला 'बिअर गीक ब्रेकफास्ट' नाव दिलं. (ब्रेकफास्ट! हंटला गंमत वाटली असती.) पुण्यात डूलाली २००९ साली सुरू झाल्यापासून आपल्याकडेही ताज्या बिअरची सवय लागली आहे आणि आता कॉफी स्टाउट अधूनमधून यादीत दिसते.

आणि बघा, भेसळीचा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच. नोव्हेंबर २०१०मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दारूत वरून कॅफीन टाकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला. कॅफीनने तरतरी येते, किती चढली ते पिणाऱ्याला कळत नाही, आणि तरुण मुलं हॉस्पिटलात पोचत होती. कॉफी घालून केलेल्या बिअर त्या इशाऱ्यात नव्हत्या. त्यांच्यात कॅफीन येतं, पण कॉफीबरोबर आणि थोडं. हा फरक काकांनाही पटला. म्हणजे त्यांनी पेपर खाली ठेवला.

आता पिण्याबद्दल. माझ्या मित्राने माँट्रियलहून 'पेशे मॉर्तेल' आणली होती, तिच्यावरून सांगतो. फ्रेंचमध्ये याचा अर्थ महापातक. ९.५ टक्के. आपल्याकडे 'स्ट्राँग' बिअर म्हणजे थंडगार करून, चव न घेता, लवकर चढावी म्हणून घशाखाली सोडायची वस्तू. ही त्या जातीतली नाही. एक बाटली तिघांत पुरते. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, कारण फार गार असली तर वास बंद राहतो आणि नुसता कडूपणा लागतो. पोटाला गोल, तोंडाला निमुळता ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलचा सोडून कोणताही.

ओतली की फेस पांढरा येत नाही, दुधाळ कॉफीच्या रंगाचा येतो. आधी नुसता वास घ्या. कॉफी सगळ्यात पुढे येते, तिच्या मागे गूळ, मग किंचित काळ्या मनुका. घोट घेतल्यावर कडूपणा तीन ठिकाणांहून येतो आणि ते वेगळे ओळखण्यातच खरी मजा आहे. हॉप्सचा कडूपणा जिभेच्या मागे, काहीसा पाल्यासारखा. भाजलेल्या माल्टचा कोरडा, पापडाच्या जळलेल्या कडेसारखा. कॉफीचा या दोघांपेक्षा तुकतुकीत, थोडा आंबट. चांगल्या स्टाउटमध्ये तिघं एका तालात येतात आणि खाली माल्टचा गोडवा तंबोऱ्यासारखा चालू असतो. वाईट असेल तर काल उकळून ठेवलेली कॉफी लागते. म्हणून बरेच कारखाने कॉफी उकळत नाहीत. गार पाण्यात काढलेला अर्क शेवटी घालतात, किंवा सबंध बिया टाकीत एक-दोन दिवस नुसत्या भिजत ठेवतात.

ग्लास तासभर पुरवा. गरम होत जाईल तशी कॉफी मागे सरते आणि व्हीलरचं माल्ट पुढे येतं. सोबत खारे दाणे नकोत. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगलं जमलं ते खरपूस थालीपीठ आणि लोण्याचा गोळा.

आणि विकत घेताना बाटलीवरची तारीख बघा. कडक स्टाउट वर्षानुवर्षं मुरते हे खरं, पण कॉफी मुरत नाही. तिचा सुगंध काही महिन्यांत उडतो आणि कधीकधी त्याच्या जागी चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. तसा आला तर बाटली खराब झाली असं नाही. पण ती पाहुण्यांना देऊ नका, विशेषतः ते अन्नभेसळ खात्यातून निवृत्त झालेले असतील तर.